चेंडू थांबतो कोठें?

बिलियर्ड्‌स वा पूल पाहणाऱ्याची नजर खिशांत पडणाऱ्या चेंडूमागें जाते. कसलेला खेळाडू मात्र क्यूनें मारावयाचा पांढरा चेंडू कोठें थांबेल, हें आधीं ठरवितो. तें चुकलें कीं पुढचा फटका अवघड, आणि डाव प्रतिपक्षाच्या हातीं!

मध्यावर ठोसलेला चेंडू न फिरतां दुसऱ्यावर समोरासमोर आदळला, तर आपला वेग त्यास देऊन जागींच थबकतो. वर मारल्यास मागोमाग धांवतो. खालीं मारल्यास माघारीं येतो. मात्र कापडाच्या घर्षणानें उलटी फिरकी वाटेंतच विरते. म्हणून अंतर लांब असल्यास फटका अधिक जोराचा हवा.

हा जोर खांद्याचा नव्हे. खांदा स्थिर, पकड सैल, कोपराखालील हात लंबकासारखा, आणि क्यू आघातानंतरहि सरळ पुढें. पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ व १९६४ सालीं हौशी बिलियर्ड्‌सचें जगज्जेतेपद जिंकलें. त्या खेळांतील शेंकडों गुणांची खेळी अशा मोजक्या फटक्यांवरच उभी राहते.