कोंबड्यांच्या जाळीने पकडलेला उपग्रह

दूरदर्शन म्हटले की बहुतेकांना रविवार सकाळचे ‘रामायण’ नाहीतर ‘छायागीत’ आठवते. करमणूक हेच जणू या माध्यमाचे जन्मापासूनचे काम. प्रत्यक्षात आपल्याकडची दूरचित्रवाणी करमणुकीसाठी सुरू झालीच नव्हती. पहिली वीसेक वर्षे ती खडू-फळ्याच्या जातीची वस्तू होती. तिने त्या काळात केलेला सर्वांत थक्क करणारा पराक्रम मात्र शहरातल्या प्रेक्षकांच्या फारसा गावीही नाही.

सुरुवात दिल्लीत झाली. १५ सप्टेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते प्रायोगिक प्रसारणाचे उद्घाटन झाले. आकाशवाणी भवनात उभारलेला तात्पुरता स्टुडिओ, एक छोटा प्रक्षेपक आणि युनेस्कोची २० हजार डॉलरची मदत, एवढ्यावर संसार मांडला होता. कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस आणि तेही तासभर. घरोघरी संच असण्याचा प्रश्नच नव्हता. दिल्लीच्या वस्त्यांमध्ये सार्वजनिक संच बसवले होते; त्यांच्याभोवती जमणाऱ्या मंडळींचे ‘टेलिक्लब’ केले होते आणि त्यांना आरोग्य, वाहतुकीचे नियम, नागरिकांची कर्तव्ये असे विषय दाखवले जात. या बाळबोध घरात एक मराठी माणूस सुरुवातीपासून होता. आकाशवाणीतून बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आलेले पु. ल. देशपांडे दिल्ली केंद्राच्या पहिल्या निर्मात्यांपैकी होते आणि या नव्या माध्यमासाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखतही त्यांनीच घेतली.

१९६१ मध्ये दिल्लीच्या शाळांसाठी धडे सुरू झाले, १९६५ मध्ये प्रसारण रोजचे झाले आणि २६ जानेवारी १९६७ पासून ‘कृषिदर्शन’ आले. दिल्लीभोवतीच्या ८० खेड्यांत संच बसवून शेतकऱ्यांना नवे बियाणे, खते, पेरणी यांची माहिती देणारा हा कार्यक्रम. त्याच्या मागे उभे होते विक्रम साराभाई. अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षाने शेतीच्या कार्यक्रमात एवढा रस का घ्यावा, असे कुणालाही वाटेल. साराभाईंच्या डोक्यात मात्र पुढचे सगळे गणित तयार होते. त्याकडे येण्याआधी मुंबईत डोकावले पाहिजे.

दिल्लीहून दूरचित्रवाणी मुंबईला यायला तेरा वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीचे केंद्र सुरू झाले. या एका केंद्राला मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा संध्याकाळच्या मोजक्या तासांत बसवायच्या होत्या, त्यामुळे मिनिटामिनिटाची खेचाखेच चाले. तबस्सुम यांचे ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ इथलेच, ‘आमची माती आमची माणसं’ इथलेच, ‘गजरा’ आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ही इथलेच. बातम्या द्यायला भक्ती बर्वे बसत, स्मिता पाटील बसत. स्मिता पाटील यांचा चेहरा श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरला तो याच बातम्यांमुळे. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ने तर वेगळाच चमत्कार केला. कार्यक्रम पाहणाऱ्यांनी गावोगावी ‘ज्ञानदीप मंडळे’ काढली आणि पडद्यावर पाहिलेले समाजकार्य स्वतः करायला घेतले. प्रेक्षक खुर्चीतून उठून कामाला लागला, असे दूरचित्रवाणीच्या बाबतीत जगात कुठेही क्वचितच घडले असेल.

मुंबईचे चित्र पुण्याला पोचले ते १९७३ मध्ये, सिंहगडावर उभारलेल्या सहक्षेपण केंद्रामुळे. गडच का? कारण या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की चित्र गेले. म्हणून वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच बांधावा लागला आणि घाटावर उंचातली उंच जागा शोधावी लागली. छपरांवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अँटेना एवढ्या लांब पसरलेल्या का असत, याचेही उत्तर याच लहरींमध्ये आहे. प्रसारण ६० मेगाहर्ट्झच्या आसपास होते. त्या लहरीची लांबी पाच मीटरच्या जवळपास येते आणि अँटेनाची दांडी लहरीच्या निम्मी लागते, म्हणजे सुमारे अडीच मीटर. चाळीच्या कौलांवर त्या दांड्यांची गर्दी झाली ती भौतिकशास्त्राच्या हुकमाने. त्यावर कावळे बसून चित्र बिघडवत, तो भाग वेगळा.

तर एका मनोऱ्याची पोच मर्यादित. भारतात तेव्हा साडेपाच लाखांच्या वर खेडी. मनोऱ्यामागून मनोरा बांधत गेलो तर आधी महानगरे, मग जिल्ह्याची गावे, मग तालुके, आणि ज्याला माहितीची सर्वांत जास्त गरज तो खेडूत रांगेत सगळ्यात शेवटी. साराभाईंनी हा क्रमच उलटा करायचे ठरवले. जमिनीपासून ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला मुंबई काय आणि ओडिशातले आडगाव काय, दोन्ही सारखीच दिसतात. भारताजवळ तेव्हा उपग्रह नव्हता, म्हणून तो वर्षभरासाठी उसना घ्यायचा. १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी तसा करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले; प्रयोग पुढे नेला तो अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने. त्याचे संचालक होते यशपाल आणि या कार्यक्रमाचे व्यवस्थापक होते कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. प्रयोगाचे लांबलचक इंग्रजी नाव आटवून सगळे त्याला ‘साइट’ म्हणत.

उपग्रहाचे नाव एटीएस-६. मे १९७४ मध्ये तो सुटला आणि वर्षभर अमेरिकेच्या कामात होता. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे नऊ मीटरहून जास्त व्यासाची अँटेना. एवढी मोठी वस्तू अग्निबाणाच्या टोकात मावणार कशी? ती पातळ पट्ट्यांवर ताणलेल्या धातूच्या मुलाम्याच्या जाळीची होती आणि गुंडाळून पाठवली होती. वर गेल्यावर छत्रीसारखी उघडली. उपग्रहावरची अँटेना जितकी मोठी तितका किरणझोत अरुंद आणि जोरदार, आणि झोत जितका जोरदार तितके जमिनीवरचे यंत्र साधे. नेहमीच्या पद्धतीत उपग्रह लहान आणि भूकेंद्र अवाढव्य असे. इथे खर्चाचे सगळे ओझे आकाशात एकाच ठिकाणी नेऊन ठेवले, म्हणजे प्रयोगातल्या २४०० खेड्यांत ते कमी झाले.

गावातले यंत्र काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. तीन मीटर व्यासाची तबकडी, आणि तिचा पृष्ठभाग म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी. हा काटकसरीचा विनोद नव्हता. उपग्रहाचे संकेत ८६० मेगाहर्ट्झवर येत होते, म्हणजे लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. एवढ्या लहरीला बोटभर रुंदीची छिद्रे दिसतच नाहीत. जाळी तिच्या दृष्टीने सलग पत्राच. उलट वारा मात्र छिद्रांतून निघून जातो, त्यामुळे तबकडी उखडत नाही. जाळी फाटली तर तालुक्याच्या बाजारात मिळते. सोबत संकेतांचे रूपांतर करणारी पेटी आणि हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनवलेला कृष्णधवल संच. वीज नव्हती तिथे संच बॅटरीवर चालवले.

एटीएस-६ ला हळूहळू सरकवत पूर्व आफ्रिकेच्या वर आणले आणि १ ऑगस्ट १९७५ ला प्रसारण सुरू झाले. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतली मिळून २४०० खेडी. महाराष्ट्र त्यात नव्हता. मागासलेपण हा निवडीचा एक निकष असल्याने याची खंत करायचे कारण नाही. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. अहमदाबादहून आणि दिल्लीहून चित्र वर जाई, तिथून खाली येई. भाषा चार: हिंदी, ओडिया, तेलुगू, कन्नड. एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवण्याची सोय होती. म्हणून तेच दृश्य एका गावात तेलुगूत तर दुसऱ्यात कन्नडमध्ये ऐकू येई. मोठ्यांचे बहुतेक कार्यक्रम आकाशवाणीच्या, म्हणजे पुढे दूरदर्शन झालेल्या मंडळींनी दिल्ली, कटक आणि हैदराबादला तयार केले. सुट्टीत शाळा बंद असताना हेच संच प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वापरले आणि त्यातून जवळपास ५० हजार शिक्षक तयार झाले. एवढ्या शिक्षकांना एकाच वेळी एकाच तज्ज्ञाने शिकवणे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने शक्य नव्हते.

मला सर्वांत आवडते ती मूल्यमापनाची पद्धत. नुसते तक्ते भरून घेतले नाहीत. मानववंशशास्त्राचे अभ्यासक काही गावांत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून राहिले. संचासमोर कोण बसते, बायका कुठे बसतात, कोण उठून जाते, दुसऱ्या दिवशी विहिरीवर काय बोलले जाते, हे त्यांनी टिपले. निष्कर्षही डोळ्यांवर पट्टी बांधून काढलेले नव्हते. मुलांची भाषा आणि कुतूहल वाढलेले दिसले. आरोग्य आणि कुटुंबनियोजनाच्या माहितीत निरक्षर आणि बायका यांना चांगला लाभ झाला. शेतीत मात्र फारसा फरक पडला नाही. पहिल्या महिन्यांची तोबा गर्दीही पुढे ओसरली.

या प्रयोगाला एक मजेशीर पाहुणा लाभला. उपग्रहाने जगभर संदेश पोचवता येतील ही कल्पना १९४५ मध्येच मांडणारे विज्ञानलेखक आर्थर क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत होते. भारतीय अभियंत्यांनी त्यांच्या घरी जाऊन एक तबकडी बसवून दिली. त्यामुळे ज्याने हे कागदावर मांडले, तो तीस वर्षांनी घरबसल्या बिहारच्या खेड्यासाठीचे कार्यक्रम पाहू लागला.

३१ जुलै १९७६ ला उपग्रहाची मुदत संपली आणि नासाने तो परत नेला. काही भागांत पुढे जमिनीवरचे प्रक्षेपक उभारून प्रसारण चालू ठेवले गेले, पण बहुतेक खेड्यांतले संच मुके झाले. मन लावून पाहणाऱ्या लोकांच्या पुढून चित्र काढून घेतले, याबद्दल तेव्हाही हळहळ व्यक्त झाली होती आणि ती रास्त होती.

याच वर्षात दूरचित्रवाणीचे घर बदलले. १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती घ्यायला सुरुवात झाली आणि १ एप्रिलला दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी होऊन ‘दूरदर्शन’ हे स्वतंत्र खाते झाले. प्रसारणाचा अभ्यास करणाऱ्या चंदा समितीने ही शिफारस दहा वर्षांपूर्वीच केली होती. अंमलबजावणी झाली ती आणीबाणीत, म्हणजे सरकारच्या तोंडून शब्द बाहेर पडण्याआधी झेलण्याच्या काळात. स्वतंत्र झाले ते आकाशवाणीपासून, मंत्रालयापासून नव्हे. डोळ्याच्या आकाराचे बोधचिन्ह राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या देवाशिस भट्टाचार्य या विद्यार्थ्याच्या रेखाटनातून आले आणि पंडित रविशंकर यांच्या सुरावटीने ते घरोघरी पोचवले.

१९८० ते १९८२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते वसंत साठे. गरीब देशाला रंगीत टीव्हीची चैन कशाला, या टीकेच्या भडिमारात त्यांनी रंगाचा आग्रह सोडला नाही. १५ ऑगस्ट १९८२ ला रंगीत प्रसारण आणि दिल्लीहून देशभर एकाच वेळी दिसणारा राष्ट्रीय कार्यक्रम दोन्ही सुरू झाले. नोव्हेंबरातल्या आशियाई क्रीडास्पर्धांनी रंगीत संचांचा बाजार तापवला. आपला स्वतःचा उपग्रह इन्सॅट-१ए सप्टेंबरात निकामी झाला होता, पण १९८३ मध्ये गेलेला इन्सॅट-१बी टिकला. मग जे घडले त्याचा वेग आज वाचतानाही दम लागतो. मुंबईला यायला तेरा वर्षे घेणाऱ्या दूरचित्रवाणीने १९८४ च्या उत्तरार्धात काही महिने जवळजवळ दिवसाला एक प्रक्षेपक उभा केला. बहुतेक अवघ्या १०० वॅटचे. चित्र उपग्रहावरून घ्यायचे आणि गावापुरते पसरवायचे.

मात्र या प्रक्षेपकांना स्वतःचे स्टुडिओ नव्हते. त्यांच्यातून दिसे ती दिल्ली. ‘साइट’मध्ये ओडियाला ओडिया आणि कन्नडला कन्नड देण्याची जी कसोशी होती ती इथे हरवली. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा अभ्यास करणाऱ्या पी. सी. जोशी समितीने याच गोष्टीवर बोट ठेवले; अहवालावर पुढे चर्चा भरपूर झाली. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेल्या ‘हम लोग’ या मालिकेमागेही मूळ हेतू लोकशिक्षणाचा होता. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजन शिकवले जाई, तो कित्ता गिरवायचा होता. लोकांना मात्र धडे नकोसे झाले आणि माणसे आवडली, तेव्हा लेखक मनोहर श्याम जोशींनी उपदेश पातळ करून घरातली भांडणे वाढवली. प्रायोजकांनी पैसे मोजले आणि दूरदर्शनची वाट कायमची बदलली. ‘रामायण’, ‘महाभारत’ या त्या वाटेवरच्या पुढच्या गोष्टी. त्यांच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे नामोल्लेख पुरे.

दूरदर्शनला सरकारच्या हातातून सोडवणारा प्रसारभारती कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि सात वर्षे कपाटात राहिला. मधल्या काळात क्रिकेटच्या प्रक्षेपण हक्कांवरून एक भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिले की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; त्यावर ना सरकारची मक्तेदारी चालेल ना धनवंतांची. प्रसारभारती १९९७ मध्ये अस्तित्वात आली. तोवर केबलवाल्यांनी गल्लीगल्लीतून तारा ओढल्या होत्या. मुंबईच्या मराठी वाहिनीने २००० मध्ये ‘सह्याद्री’ हे नाव घेतले.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने घरच्या घरी बसवता येणारी तबकडी आणली, आज तिला ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात. खरेदीचा खर्च एकदाच, महिन्याचे भाडे शून्य. कोट्यवधी घरांवर, विशेषतः केबल पोचत नाही किंवा परवडत नाही अशा ठिकाणी, ती बसली आहे. तिच्यावरच्या मोजक्या जागांसाठी प्रसारभारती लिलाव करते. दूरदर्शनचा प्रेक्षक पळवलेल्या खासगी वाहिन्या त्या लिलावात एकमेकींवर चढाओढीने बोली लावतात आणि खेड्यातल्या घरात शिरण्यासाठी दूरदर्शनलाच पैसे मोजतात.