जमिनीचा दावा : वकील द्यावा की स्वतः उभे राहावे?

नागपुरातील प्रतापनगरच्या आसपासची खामला, जयताळा ही नावे मूळची खेड्यांची. शहर पसरले, शेतांचे भूखंड झाले, आणि ज्या धुऱ्यावरून पूर्वी फार तर बोलाचाली होई त्याच धुऱ्यापायी भाऊबंद न्यायालयाची पायरी चढू लागले. अशा वेळी शेतकरी बंधूंपुढे प्रश्न येतो, की वकिलाची फी भरावी, की आपली बाजू आपणच मांडावी?

कायद्याची आडकाठी नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पक्षकारास जातीने हजर राहून दावा चालविता येतो. पुतण्याने किंवा गावातील एखाद्या जाणत्याने आपल्यातर्फे युक्तिवाद करावयाचा असेल, तर मात्र न्यायालयाची परवानगी लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे तेथे स्वतः उभे राहू इच्छिणाऱ्यास आधी अधिकाऱ्यांच्या समितीपुढे जावे लागते.

परंतु परवानगी असणे निराळे आणि झेपणे निराळे. शेजाऱ्याने पांदण अडविली किंवा पाण्याचा प्रवाह रोखला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. तेथे जागेची पाहणी आणि साक्षीदार यांवर भर असतो; नीट बोलू शकणारा शेतकरी हे काम स्वतः करू शकेल. फेरफारावर हरकत घेणे, तसेच त्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करणे, हेही सावध माणसाच्या आवाक्यातले आहे.

मालकी व वाटणी यांचा दावा मात्र वेगळा. फेरफार आपल्या नावे आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, ही समजूत अनेकांना नडते. सातबारावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी धरली जाते. मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालयच देते. ताबा गेलेला असताना केवळ मनाई हुकूम मागणारा, किंवा मालकीवरच वाद असताना मालकी ठरवून मागण्याचे विसरणारा शेतकरी पुढे अडकतो. जे अर्जात लिहिले नाही त्यावर पुरावा देता येत नाही. नोंदणी न केलेले वाटणीपत्र वाटणीचा पुरावा म्हणून चालत नाही. प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. ही मुदत न्यायालय नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. गैरहजर राहिल्यास निकाल एकतर्फी होतो. आमच्या मते अशा दाव्यात वकील नसणे ही काटकसर नव्हे. निदान दावा किंवा कैफियत तरी वकिलाकडून लिहून घ्यावी.

फीची अडचण असेल, तर १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाचा आधार आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आत. तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करावा. सर्व सहहिस्सेदार राजी असतील, तर जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदार वाटणी करून देतो; मग दाव्याची गरजच उरत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याकडे कोणी समन्स घेऊन आला, तर ते हाती पडल्याची तारीख प्रथम त्याच्याच पाठीवर लिहून ठेवावी, आणि त्याच आठवड्यात सातबारा, फेरफार व मोजणी नकाशाच्या प्रमाणित नकला काढावयास सांगावे.