प्रेसनोटमधली लिंक नेते कुठे?

25 ऑगस्ट 2025ला गूगलच्या ‘गू डॉट जीएल’ या आखूड लिंकांचा निकाल लागायचा होता. जुलै 2024मध्ये कंपनीने जाहीर केलं होतं की या तारखेपासून सगळ्याच बंद. त्यावर बरीच ओरड झाली, आणि 1 ऑगस्ट 2025ला गूगलने थोडी माघार घेतली. 2024च्या अखेरीस ज्या लिंका कुणी उघडल्याच नाहीत तेवढ्याच जातील, बाकीच्या चालू राहतील, असं सांगितलं. इथे बातमी संपली आणि बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मला काळजी वाटते ती अशा आखूड लिंका दिलेल्या जुन्या प्रेसनोटांची. प्रेसनोटचं आयुष्यच असं असतं, की आठवडाभर सगळे तिच्या मागे आणि पुढची दहा वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग कधीतरी एखादी वकील, माहिती अधिकाराचा कार्यकर्ता किंवा नवा वार्ताहर ती उकरून काढतो. कुठल्याशा जुन्या प्रकल्पाचा अहवाल त्याला हवा असतो. प्रेसनोट मिळते, तिच्यातली लिंक मिळते, अहवाल मात्र मिळत नाही. ‘बरेच दिवस कुणी उघडली नाही’ हा गूगलचा निकष नेमका अशाच कागदांच्या मुळावर येतो.

हे फक्त गूगलपुरतं नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 2013 सालच्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी गायब झालेली आढळली. बातम्यांच्या दर शंभर पानांपैकी 23 पानांवर निदान एक तरी मेलेली लिंक होती. त्याआधी हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रं तपासली, तेव्हा त्यांतल्या सुमारे निम्म्या लिंका मूळ मजकुरापर्यंत पोचतच नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची ही गत असेल, तर एखाद्या नगरपालिकेच्या प्रेसनोटची काय असेल?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 सालीच याबद्दल एक छोटं टिपण लिहून ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं सरळ आहे: पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात. संकेतस्थळाचं रूप पालटलं, कंत्राटदार बदलला, नवा अधिकारी आला की जुने पत्ते मोडीत निघतात. पान कुठल्या फोल्डरमध्ये आहे, कुठल्या विभागाचं आहे, कुठल्या सॉफ्टवेअरवर चालतं, यांपैकी काहीही पत्त्यात घालू नका, कारण हे सगळं बदलणार आहे, असा त्यांचा सल्ला. आज इतक्या वर्षांनीही प्रेसनोट काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने तो वाचावा.

पण लिंक जिवंत राहणं ही पुढची गोष्ट. पहिला प्रश्न असतो तो ती कुणाच्या पत्त्यावर नेते हा, आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त घोळ तिथेच आहे.

उच्च सुरक्षा नंबर प्लेटचंच (एचएसआरपी) घ्या. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या वाहनांना ती बंधनकारक झाली, मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. काम आरटीओनिहाय तीन विभागांत वाटून तीन कंपन्यांना दिलं आहे. म्हणजे नोंदणीचे पत्तेही तीन: ‘एमएचएचएसआरपी डॉट कॉम’, ‘एचएसआरपीएमएचझोन2 डॉट इन’ आणि ‘महाराष्ट्रएचएसआरपी डॉट कॉम’. तिन्ही अधिकृत. पण एकाच्याही शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नाही. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गेलात तर आपला आरटीओ निवडून योग्य जागी पोचता येतं, ती सोय विभागाने केली आहे. प्रत्यक्षात बातम्यांतून आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले ते हे सुटे पत्ते. अशी नावं कुणालाही थोड्या पैशांत नोंदवता येतात. बनावट संकेतस्थळं निघाली, लोकांचे पैसे गेले, पोलिसांत तक्रारी झाल्या. पुण्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने ‘एमएच’ आधी की ‘एचएसआरपी’ आधी यावरून खरंखोटं ओळखायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

‘गव्ह डॉट इन’ हा शेवट सरकारी यंत्रणांनाच मिळतो. म्हणून सरकारी प्रेसनोटमध्ये लिंक एकच असावी आणि ती विभागाच्या स्वतःच्या पानाची असावी. कंपनीकडे, बँकेकडे, अॅपकडे जायचं ते त्या पानावरून. एक क्लिक जास्त लागेल, लागू दे. जिथे पैसे भरायचे आहेत किंवा आधार क्रमांक द्यायचा आहे, तिथे आखूड लिंक आणि परका पत्ता या दोन्हींना सक्त मनाई हवी, इतकं माझं मत स्पष्ट आहे. आखूड लिंकमध्ये तर पत्ता झाकलेलाच असतो. ती कुठे नेणार हे उघडल्याशिवाय सहसा कळत नाही, आणि ती चालवणारी कंपनी कधी दुकान बंद करील हे आपल्या हातात नसतं.

परक्या पत्त्याने केवढं नुकसान होऊ शकतं, हे फ्रान्समध्ये 22 नोव्हेंबर 2016 रोजी दिसलं. व्हिन्सी या बड्या बांधकाम कंपनीच्या नावाने दुपारी चारच्या सुमारास वृत्तसंस्थांना एक प्रसिद्धिपत्रक आलं. हिशेबात अब्जावधी युरोंचे घोळ सापडले, वित्तप्रमुखांना काढलं, असा मजकूर. भाषा कंपनीच्या वळणाची, संपर्कासाठी फोन नंबर दिलेला, आणि कंपनीच्या संकेतस्थळासारखंच हुबेहूब दिसणारं पान. पत्ता तेवढा वेगळा. ब्लूमबर्गने काही मिनिटांत ठळक बातम्या सोडल्या आणि व्हिन्सीचा शेअर 18 टक्क्यांनी कोसळला. पुढे फ्रान्सच्या बाजार नियामकाने ब्लूमबर्गला 50 लाख युरोंचा दंड ठोठावला, अपिलात तो 30 लाखांवर आला. डेस्कवरच्या कुणी आधी माहीत असलेल्या पत्त्यावर जाऊन हे पत्रक तिथे आहे का, एवढं पाहिलं असतं तरी डाव उघडा पडला असता. प्रत्येक प्रेसनोटची एक प्रत संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, स्वतंत्र पानावर असावी आणि प्रेसनोटच्या माथ्यावर त्या पानाची लिंक असावी, हा आग्रह त्यासाठीच. केंद्राचं पत्र सूचना कार्यालय हे नीट करतं. तिथे प्रत्येक पत्रकाला स्वतःचा क्रमांक आणि पान असतं, मराठी मजकुराखालून इंग्रजी-हिंदीवर जाता येतं. आकडा शंकास्पद वाटला की दोन भाषा ताडून पाहता येतात.

दुसरी गोष्ट पुराव्याची. ‘शासन निर्णय जारी झाला आहे’ असं प्रेसनोट म्हणते आणि लिंक देते विभागाच्या मुखपृष्ठाची. मुखपृष्ठावर मंत्र्यांचे फोटो असतात, शासन निर्णय शोधावा लागतो. वास्तविक महाराष्ट्राच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी त्याचा संगणक संकेतांक छापलेला असतो, त्या आकड्यावरून नेमका तोच कागद निघतो. म्हणजे शिस्त आहे, ती प्रेसनोटपर्यंत येत नाही. विद्यापीठाने संशोधनाची बातमी दिली तर लिंक शोधनिबंधाची हवी, कंपनीने नफा सांगितला तर शेअर बाजाराला दिलेल्या निवेदनाची. बातमी लिहिणाऱ्याला रात्री साडेनऊ वाजता जे तपासायचं असतं, तिथे लिंक गेली पाहिजे.

व्यापारी पीआरवाल्यांची लिंकांची हौस वेगळ्या कारणाने होती. शोधयंत्रात वर यावं म्हणून एका पत्रकात दहा-दहा लिंका, त्याही ‘स्वस्त फ्लॅट’, ‘लग्नाच्या अंगठ्या’ अशा शब्दांवर चिकटवलेल्या. 2013 साली गूगलने नियमावलीत उदाहरण देऊन सांगितलं, की इतर संकेतस्थळांवर वाटलेल्या पत्रकांतल्या अशा लिंका म्हणजे क्रमवारीशी केलेली लबाडी. तेव्हापासून पैसे देऊन पसरवलेल्या पत्रकातल्या लिंकला ‘नोफॉलो’ ही खूण लावणं अपेक्षित आहे, म्हणजे शोधयंत्र तिला शिफारस मानत नाही. तरीही आजही ‘शंभर पोर्टलवर बातमी आणि बॅकलिंक’ अशी पॅकेजं विकली जातात. घेणाऱ्यांनी ते पैसे वाचवावेत. दोन-तीन लिंका पुरतात, आणि ज्या शब्दांवर लिंक आहे त्या शब्दांतून ती कुठे नेते हे कळायला हवं. ‘येथे क्लिक करा’ने काहीच कळत नाही. दृष्टिहीन वाचकाचं सॉफ्टवेअर पानावरच्या लिंकांची यादी वाचून दाखवतं, तेव्हा त्याच्या कानावर नुसतं ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’ पडत राहतं.

आता मराठी डेस्कवरचं वास्तव. गणपतीच्या आधीचा आठवडा घ्या. मंडळं, पोलीस, एसटी, महापालिका यांच्या प्रेसनोटांचा या आठवड्यात पूर असतो. बऱ्याच नोटा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर येतात. फोटोतली लिंक दाबता येत नाही, अक्षर अक्षर टाइप करावी लागते. पीडीएफमध्ये लांबलचक पत्ता दोन ओळींत तुटतो आणि अर्धाच उघडतो. पत्त्याला चिकटून पूर्णविराम दिला, किंवा आपल्या सवयीने जोडूनच ‘वर’ नाहीतर ‘ला’ लिहिलं, की तेवढी अक्षरंही लिंकमध्ये ओढली जातात आणि पान सापडत नाही. अजून पुष्कळ मजकूर श्रीलिपीत टाइप होतो. तो युनिकोडमध्ये आणताना कन्व्हर्टर पत्त्यातली इंग्रजी अक्षरंही मराठीच समजतो, आणि लिंकच्या जागी ‘ळ्’, ‘ऱ्या’, ‘ङ’ असला न वाचता येणारा गोळा उरतो. फोटोंसाठी ड्राइव्हची लिंक असते, ती उघडली की परवानगी मागा म्हणते. परवानगी देणारा माणूस झोपलेला असतो आणि मिरवणुकीचा फोटो पान लागेपर्यंत येत नाही.

यावर उपाय साधे आहेत. लिंक वेगळ्या ओळीत, मागेपुढे मोकळी जागा ठेवून लिहायची. पाठवण्याआधी स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या मोबाइलवरून उघडून पाहायची. आपल्या मोबाइलवर आपण लॉग इन असतो, म्हणून आपल्याला सगळंच उघडतं. प्रेसनोट दुपारी आणि पान संध्याकाळी, असं होऊ द्यायचं नाही. छापील अंकासाठी आखूड पत्ता लागतोच, तो आपल्याच संकेतस्थळाच्या नावाखाली करून घ्यायचा. कुठलाही बरा वेब डेव्हलपर हे तासाभरात करून देतो.

आणि आम्ही वृत्तपत्रांनीही एक गोष्ट सोडायला हवी. नीट दिलेली लिंकसुद्धा आमच्या वेब आवृत्त्यांमध्ये बऱ्याचदा काढून टाकली जाते, वाचक आपल्या पानावरून बाहेर जाऊ नये म्हणून. मजकूर जसाच्या तसा घ्यायचा आणि त्याचा पुरावा तेवढा कापायचा, हे वाचकावर अन्यायाचं आहे. योजनेची बातमी दिली तर शासन निर्णयाची लिंक बातमीतच, दुसऱ्या परिच्छेदाच्या आत हवी. अर्ज करणाऱ्या बाईला ती तिथूनच मिळाली, तर कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या लिंकवर आपला आधार क्रमांक भरायची वेळ तिच्यावर येणार नाही.