छाप आणि छापा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक बातमी येते. शहरातल्या एखाद्या गल्लीत पोलिसांनी छापा घातला, नामांकित कंपनीचे बनावट बूट, चार्जर किंवा गाडीचे सुटे भाग जप्त केले, दुकानदारावर गुन्हा नोंदवला. बातमी इतकी साचेबंद असते, की नावं आणि आकडे बदलले तर तीच पुन्हा छापता येईल. पण तिच्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबते. तिथे पुष्कळदा लिहिलेलं असतं, 'कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा दाखल.' बुटांचा आणि कॉपीराइटचा काय संबंध? कॉपीराइट असतो पुस्तकाला, गाण्याला, चित्राला. चोरी झाली आहे ती छापेची, म्हणजे ट्रेडमार्कची. मग ट्रेडमार्कचा कायदा का नाही?

या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलं, की नकली मालाविरुद्धची लढाई आपल्याकडे कोण लढतं, कोणासाठी लढतं आणि तीत कोण बाहेर राहतं, ते दिसू लागतं.

ट्रेडमार्कचा सध्याचा कायदा १९९९ चा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. खोटी छाप मारणाऱ्याला कलम १०३ खाली आणि तसा माल विकणाऱ्याला किंवा विक्रीसाठी बाळगणाऱ्याला कलम १०४ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कागदावर हे पुरेसं कडक आहे. अडचण येते कलम ११५ पाशी. वॉरंटशिवाय झडती आणि जप्ती करायची, तर अधिकारी निदान पोलीस उपअधीक्षक किंवा त्याच्या बरोबरीच्या दर्जाचा हवा. शिवाय झडतीआधी त्याने ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घेतलं पाहिजे, आणि ते मत त्याच्यावर बंधनकारक आहे. रजिस्ट्रारचं मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला. तिथून कागद येईपर्यंत गोदाम रिकामं व्हायला कितीसा वेळ लागतो?

आता कॉपीराइट कायदा, १९५७ पाहा. खोक्यावरचं चित्र, वेष्टनाची रंगसंगती, अक्षरांची घडण ही कायद्याच्या लेखी 'कलाकृती' ठरू शकते. तिची अनधिकृत प्रत असेल, तर कलम ६४ नुसार साधा पोलीस उपनिरीक्षकही वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. रजिस्ट्रारचं मत लागत नाही. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा बातमीतलं कोडं असं सुटतं: आतला बूट नकली असतो, पण गुन्हा मात्र खोक्यावरच्या चित्राच्या आधारे नोंदवला जातो.

यात पोलिसांना दोष देण्यासारखं काही नाही. आधार मिळेल त्या कलमाने ते काम करतात. पण या पळवाटेने जाताना एक गोष्ट लक्षात येते. खोक्यावरचं चित्र कंपनीचं, छाप कंपनीची, तक्रारही कंपनीचीच. बाजारात फिरून नमुना विकत घेणारा माणूस बहुधा कंपनीने नेमलेल्या खाजगी तपाससंस्थेचा असतो. पंचनाम्याच्या वेळी 'हा माल आमचा नाही' असं ओळखून सांगणाराही तिचाच प्रतिनिधी. ज्याने पैसे मोजून तो बूट पायात घातला, त्याचं नाव या कागदांत कुठेही नसतं.

हे मुळापासून असंच होतं का? गिरण्यांच्या काळात कापडाच्या ताग्यावर रंगीत चित्रांची तिकिटं चिकटवलेली असत. त्यांवर देवादिक असत, हत्ती-वाघ असत. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही 'हत्तीछाप' कापड मागता यावं, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे छाप ही कारखानदाराची मालमत्ता जितकी, तितकीच गिऱ्हाइकाची खूणगाठ होती. भारतात १८८९ साली मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आला, तो मालावरच्या खोट्या छापेला आणि खोट्या वर्णनाला गुन्हा ठरवणारा होता. छापेची सरकारदरबारी नोंदणी करण्याचा कायदा त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, १९४० मध्ये आला. पुढे १९५८ च्या कायद्याने हे दोन प्रवाह एकत्र केले. त्यानंतर छापेकडे नोंदणीकृत मालमत्ता म्हणून पाहण्याची सवय बळावत गेली.

गिऱ्हाईक न्यायालयातून अगदीच नाहीसं झालं, असं मात्र नाही. ते मोजपट्टी म्हणून उरलं. 'अमृतधारा' या औषधाच्या मालकांनी 'लक्ष्मणधारा' या नावाला हरकत घेतली, तेव्हा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, की साधारण बुद्धीच्या आणि अर्धवट स्मरणशक्तीच्या माणसाला ही नावं कशी वाटतील. दोन्हींचा एकूण ठसा सारखा आहे, असं उत्तर आलं. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, पार्ले ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाचा वाद तिथवर पोचला. पार्लेच्या वेष्टनावर शेतघराच्या अंगणात बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. म्हैसूरकडच्या प्रतिवादीच्या वेष्टनावर डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा घेतलेली मुलगी. गाय-वासरू, कोंबड्या तिथेही होत्याच. खालच्या दोन्ही न्यायालयांनी फरक मोजले आणि दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात. ज्याने एक पुडा पूर्वी पाहिला आहे, त्याच्या हातात दुसरा दिला तर तो फसेल का, एवढंच बघायचं. पार्ले जिंकली.

हे निकाल वाचताना मला त्यांतली माणसाची समज आवडते. दुकानात आपण पुडा कसा उचलतो, हे न्यायमूर्तींना नेमकं ठाऊक होतं. पण त्यांतला हा 'साधारण माणूस' काल्पनिक आहे. त्याच्या गोंधळावरून निकाल ठरतो, भरपाई मात्र छापेच्या मालकाला मिळते.

दिवाणी मार्गाचंही असंच आहे. वादी न्यायालयाकडे एकतर्फी मनाई हुकूम मागतो, कारण आधी नोटीस दिली तर माल गायब होईल. विकणारे कोण हे माहीत नसेल, तर अज्ञात प्रतिवादीला 'अशोक कुमार' असं नाव देऊन हुकूम मिळवता येतो. इंग्लंडमधल्या जॉन डोचा हा आपल्याकडचा अवतार. मुंबई उच्च न्यायालयात कोर्ट रिसीव्हर आणि दिल्लीत लोकल कमिशनर न्यायालयाच्या वतीने गोदामात जाऊन माल मोजतात, सील करतात. ही व्यवस्था परिणामकारक आहे. पण ती चालते वादीच्या पैशावर.

बंदरातही तेच. २००७ च्या नियमांनुसार छापेचा मालक आपला हक्क कस्टम्सकडे नोंदवू शकतो. न्हावाशेवाला संशयित कंटेनर अडवला, की त्याला कळवलं जातं. कामकाजाच्या १० दिवसांत तो पुढे आला नाही (फार तर आणखी १० दिवस वाढवून मिळतात), तर इतर काही आक्षेप नसल्यास माल सोडावा लागतो. शिवाय त्याला आधीच बंधपत्र आणि तारण द्यावं लागतं. हे रास्तही आहे, कारण उगाच माल अडवला गेला तर आयातदाराचं नुकसान कोण भरणार? पण परिणाम असा, की मालकाला परवडलं तर नकली माल अडतो, नाहीतर तो बाजारात येतो.

आता बाजारातल्या गिऱ्हाइकाकडे वळू. मुंबईच्या फुटपाथवर 'फर्स्ट कॉपी' असा शब्द आहे. तो घड्याळ घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे पक्कं ठाऊक असतं. त्याला कोणी फसवलेलं नाही. उलट लग्नात चारचौघांना फसवायला तो निघालेला असतो. दुसरा माणूस गॅरेजमध्ये मेकॅनिकच्या भरवशावर स्कूटरचे ब्रेक-शू बदलून घेतो. खोकं त्याने पाहिलेलंच नसतं. त्याची फसवणूक पुरी आहे आणि ती घाटातल्या उतारावर उघडी पडणार आहे. ट्रेडमार्क कायद्याला मात्र या दोघांत फरक करावासा वाटत नाही. माल तोच आणि छाप हुबेहूब तीच असेल, तर गोंधळ होणार असं न्यायालय गृहीतच धरतं.

फरक करणारा कायदा आपल्याकडे औषधांसाठी आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात दुसऱ्या औषधाची फसवी नक्कल 'बनावट औषध' ठरते. २००८ च्या दुरुस्तीनंतर, अशा औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर किमान १० वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. इथे औषध निरीक्षक स्वतःहून तपासणी करतो. मूळ कंपनीच्या तक्रारीसाठी तो अडून राहत नाही. ट्रेडमार्कच्या वादातही औषध आलं की न्यायालयाचा सूर बदलतो. 'कॅडिला' खटल्यात, २००१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने औषधांच्या नावांतल्या साधर्म्यासाठी अधिक कडक कसोटी लावायला सांगितलं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, दुसऱ्याच्या मलमाची नक्कल करणाऱ्या एका कंपनीला दीड कोटी रुपये केरळच्या पूरग्रस्त निधीत भरायला लावले. छापेच्या वादात मालकाखेरीज आणखी कोणाचं काही बिघडतं, हे त्या हुकमात निदान मान्य झालं.

ज्यांच्याकडे वकिलाचा खर्च करायला कंपनीच नाही, त्यांचं काय? कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशन मिळालं आहे. महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांतल्या कारागिरांसाठी दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं तिची नोंदणीकृत मालक आहेत. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच घाटाच्या चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, ती जुलैत फेटाळली गेली. कारण सरळ होतं: हक्क नोंदणीकृत मालकाचा आहे, दाद त्याने मागावी. प्रादाने 'कोल्हापुरी' हे नाव वापरलंच नव्हतं, त्यामुळे त्याला बनावट छाप म्हणणंही कठीण. पण रेक्झिनच्या चपला 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून विकल्या जातात, तिथे तर नावच चोरलेलं असतं. देवगड-रत्नागिरीच्या नावाच्या पेटीतून परप्रांतीचा आंबा विकला जातो, तिथेही तेच. कायद्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला कारागीर किंवा बागायतदारही दावा लावू शकतो. पण एक चप्पल शिवणाऱ्याने किंवा शे-दोनशे कलमांच्या मालकाने वाशीच्या बाजारात तपाससंस्था कशी नेमावी?

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा तो खरा की खोटा हे ठरवण्याची जबाबदारी पेशव्यांच्या दरबाराने स्वतःवर घेतली, कारण तोतया खपला असता तर राज्यच अडचणीत आलं असतं. मालाच्या तोतयांपैकी काहींनी तरी हाच मान मिळवला आहे. ब्रेक, विजेची उपकरणं, बियाणं, कीटकनाशकं यांच्या बाबतीत छापेच्या मालकाने तक्रार केली की नाही हा प्रश्न दुय्यम ठरावा. बियाणं आणि कीटकनाशकांसाठी निरीक्षक आहेत. सुट्या भागांच्या गल्लीत नियमित नमुने घेणारा कोण आहे? आणि कोल्हापुरीसारख्या सामाईक छापेसाठी, ती स्वतःच्या नावावर असलेल्या महामंडळांनी दावे लावणं हे त्यांचं काम मानलं गेलं पाहिजे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नकली मालाची व्याख्या आहे, कलम ९१ मध्ये शिक्षाही आहे. पण ती शिक्षा ग्राहकाला इजा झाल्यावरची. इजेआधी त्याच्या हाती उरते ती सदोष मालाची आणि अनुचित व्यापाराची तक्रार. ग्राहक आयोगापुढे ती टिकण्यासाठी माल विकत घेतल्याचा पुरावा लागतो, आणि गॅरेजवाला किंवा काउंटरवरचा माणूस 'बिल कशाला, जीएसटी लागेल' म्हणतो, तेव्हा नेमका तोच पुरावा आपण थोड्या रुपयांसाठी सोडून देतो. छाप कोणाचीही असो, या सगळ्या व्यवहारात ग्राहकाचं नाव जिथे लिहिलं जातं, असा कागद बहुतेक वेळा तेवढा एकच असतो.