भीतीचा झटका आणि व्यसन : दोन्हींवर उपचार एकाच वेळी

अचानक छातीत धडधड सुरू होते, श्वास अपुरा पडतो, घाम फुटतो आणि आता आपला अंत जवळ आला, असे वाटू लागते. बहुधा १० मिनिटांच्या आत हा अनुभव शिगेला पोहोचतो व नंतर ओसरतो. असे झटके वारंवार येत असतील आणि पुढील झटक्याच्या धास्तीने आपण प्रवास, गर्दी किंवा एकटे राहणे टाळू लागला असाल, तर हा पॅनिक डिसऑर्डर, म्हणजेच तीव्र भीतीचा विकार असू शकतो. तो मनाचा दुबळेपणा नव्हे. मात्र पहिल्या झटक्यानंतर हृदयविकार व थायरॉइडचा दोष नाही, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी.

या विकाराच्या अनेक रुग्णांना मद्याचा आधार वाटतो. मद्य काही तास मेंदू शांत करते, हे खरे. परंतु नियमित पिणाऱ्याच्या शरीरातून त्याचा अंमल उतरू लागला, की मेंदू अधिकच उत्तेजित होतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारणपणे ६ ते २४ तासांत धडधड, कंप, घाम व अस्वस्थता सुरू होते. ही लक्षणे भीतीच्या झटक्यासारखीच असल्याने रुग्ण पुन्हा पेल्याकडे वळतो. कोणता त्रास विकाराचा आणि कोणता नशा उतरण्याचा, हे पहिल्या भेटीत डॉक्टरांनाही सांगणे कठीण असते. म्हणून आपण किती व केव्हा पिता, हे त्यांना संकोच न करता सांगावे.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचेही असेच आहे. त्यांनी त्वरित आराम पडतो, पण सवयही लागते. जुन्या चिठ्ठीवर किंवा दुसऱ्याच्या सल्ल्याने त्या घेऊ नयेत. मद्यासोबत घेतल्यास श्वास मंदावून जिवावर बेतू शकते.

दररोज भरपूर मद्य किंवा या गोळ्या घेत असाल, तर त्या एकाएकी स्वतःहून बंद करू नका. निश्चय चांगला असला, तरी ही पद्धत धोक्याची आहे. फिट येणे, भास होणे, वेळ-स्थळाचे भान सुटणे असे घडल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. ११२ वर संपर्क साधावा.

“आधी दारू सोडा, मग भीतीचे बघू” हा सल्ला अनेकांना मिळतो. तो अपुरा आहे; दोन्ही आजारांवर उपचार एकत्रच व्हावेत. प्रथम डॉक्टरांच्या देखरेखीखाली नशा सुरक्षितपणे उतरवली जाते व जीवनसत्त्व ब-१ दिले जाते. भीतीसाठी सर्ट्रालीनसारखी औषधे दिली जातात. त्यांचे व्यसन लागत नाही. मात्र गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि आरंभी अस्वस्थता किंचित वाढू शकते. याच टप्प्यावर पुष्कळ रुग्ण औषध सोडतात. तसे न करता डॉक्टरांना कळवावे. समुपदेशनात धडधडीचा अर्थ नव्याने लावण्यास व टाळलेल्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने परतण्यास शिकवले जाते.

कुटुंबीयांनी झटक्याच्या वेळी “नाटक करू नकोस” असे म्हणू नये. शांतपणे जवळ बसावे, श्वास सावकाश सोडण्यास सांगावे. रुग्ण पुन्हा प्यायला, तरी उपचार थांबवू नयेत.

टेली-मानस १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत, दिवसरात्र सल्ला मिळतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार शासकीय सेवेत उपचार मिळणे व आपली माहिती गोपनीय राहणे, हा आपला हक्क आहे.