नत्र देणारे जिवाणू काम केव्हा थांबवितात ?

उसाच्या टिपऱ्या ॲझोटोबॅक्टरच्या संवर्धकात बुडवून लावावयाच्या आणि लागलीच सरीत युरियाचा भरपूर हप्ता टाकावयाचा, असा प्रकार पंचगंगाकाठच्या बागाईत भागात पाहावयास मिळतो. मग ‘जिवाणूंचा गुण आला नाही’ अशी तक्रार येते.

जिवाणूच्या पेशीत हजारो जनुके असतात व त्यांच्या आधारे निरनिराळी प्रथिने तयार होतात. सर्व प्रथिने सदैव तयार करणे जिवाणूस परवडत नाही. यास्तव एका कामाची जनुके पुष्कळदा ओळीने शेजारी असतात व त्यांच्या तोंडाशी एकच नियंत्रण-स्थान असते. पाटाचे दार उघडले की त्यावरील सर्व सऱ्या भिजतात, तसेच हे. अशा गटास ‘ओपेरॉन’ म्हणतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील जाकोब व मोनो यांनी १९६१ साली आतड्यातील जिवाणूवरून ही कल्पना मांडली. दुधातील साखर नसता एक प्रथिन या दारावर ठाण मांडून बसते. साखर मिळताच ते बाजूस होते व ती पचविणारी विकरे तयार होऊ लागतात.

ॲझोटोबॅक्टरमध्ये नत्र बांधणाऱ्या जनुकांचे दार उघडण्यास पाटकऱ्यासारखे एक प्रथिन लागते. जमिनीत अमोनिया मुबलक झाला की दुसरे प्रथिन या पाटकऱ्यास धरून ठेवते आणि काम बंद पडते. हवेतील नत्र बांधण्यास फार शक्ती खर्च होते. आयते मिळत असता जिवाणूने ती का खर्चावी? युरियाचा जमिनीत काही दिवसांतच अमोनिया होतो. म्हणजे जिवाणू मेलेले नसतात, शेतकऱ्यानेच त्यांस रजा दिलेली असते.

याचा अर्थ युरिया वर्ज्य करावा असा नव्हे. उसाची भूक केवळ जिवाणूंवर भागणार नाही. मात्र नत्राची मात्रा माती-परीक्षणानुसार ठरवून हप्त्याहप्त्याने द्यावी. संवर्धकात युरिया कधीही मिसळू नये. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व संवर्धकाची शेवटी करावी. जिवाणूंस लागणारी शक्ती सेंद्रिय पदार्थांतून मिळते, हे पाचट पेटविण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

सोयाबीनचा प्रकार थोडा निराळा आहे. तेथे मुळांतून पाझरणारी द्रव्ये रायझोबियमची गाठी बनविणारी जनुके जागी करतात. परंतु जमिनीत नत्र भरपूर असल्यास पीक स्वतःच गाठी कमी धरते. फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप मातीसह हलकेच उपटून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसल्यास ती नत्र बांधीत आहे. पांढरी अथवा हिरवट असल्यास तिचे काम चालू नाही, असे समजावे.