कॅमेऱ्याला दिसतं तरी काय?

व्हिडिओ गेममधला भिंतीवरचा कॅमेरा बहुधा चित्र टिपतच नाही. तो भूमितीचं गणित सोडवतो. खेळाडू ठरावीक अंतरात आहे का, कॅमेऱ्याच्या रोखाशी होणारा कोन मर्यादेत आहे का, दोघांमध्ये ओढलेली काल्पनिक रेषा भिंतीला अडते का, एवढंच संगणक सतत तपासतो. तिन्ही उत्तरं विरोधात गेली की भोंगा! तोही लगेच नाही. 'बायोशॉक'मध्ये (२००७) कॅमेऱ्याच्या झोतात सापडल्यावरही निसटायला क्षणभर सवड मिळते. ही सूट मुद्दाम ठेवलेली. अचूक कॅमेऱ्यापुढे खेळणार कोण?

मला त्याहून धूर्त वाटतो तो स्कॉट कॉथन यांचा 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' (२०१४). इथे कॅमेरे आपल्याच हाती. रात्री बारा ते सहा रखवालदाराच्या खोलीत बसायचं आणि पिझ्झेरियातल्या यांत्रिक प्राण्यांवर नजर ठेवायची. पण मॉनिटर उघडला की वीज जास्त खर्च होते. दारं बंद ठेवली तरी होते. कॅमेऱ्यांकडे दुर्लक्ष केलं तर त्या प्राण्यांपैकी फॉक्सी धावत येतो. फार पाहिलं तर सहाच्या आधीच वीज संपते आणि बंद दारं आपोआप उघडतात. स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याचं तर चित्रच येत नाही, नुसते आवाज!